पगारातून जास्त आयकर कापला गेला? ऑफिसने निवडलेली करप्रणाली अंतिम नसते, पैसे असे मिळवा परत

आमगाव : फेब्रुवारी-मार्चचा पगार खात्यात जमा झाला की अनेक शिक्षक, ग्रामसेवक आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना धक्का बसतो. आयकराच्या नावाखाली मोठी रक्कम कापलेली असते. ‘ऑफिसने कापले म्हणजे गेले’ असे समजून बरेच जण गप्प बसतात. प्रत्यक्षात ही कपात म्हणजे फक्त आगाऊ भरणा असतो. खरा हिशेब रिटर्न भरताना होतो आणि जास्तीची रक्कम परत मिळते.

चूक नेमकी कुठे होते?

सध्या आयकराच्या दोन प्रणाली आहेत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवीन करप्रणाली ‘डीफॉल्ट’ आहे. कर्मचाऱ्याने काहीच कळवले नाही, तर ऑफिस नवीन प्रणालीनुसार टीडीएस कापते. मात्र कर्मचाऱ्याने वर्षाच्या सुरुवातीला सवयीने ‘जुनी प्रणाली’ लिहून दिली असेल, तर कपात जुन्या दराने होते. २०२५-२६ मध्ये हीच सवय महागात पडू शकते.

उदाहरणाने समजून घेऊ

समजा, एका शिक्षकाचा वार्षिक पगार ९ लाख रुपये आहे. जुन्या प्रणालीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, २,५०० रुपये व्यवसाय कर आणि ८०सी खालील दीड लाख वजा केले, तर करपात्र उत्पन्न ६,९७,५०० रुपये राहते. त्यावर सेससह ५४,०८० रुपये कर होतो.

नवीन प्रणालीत प्रमाणित वजावट ७५ हजार आहे. करपात्र उत्पन्न ८,२५,००० रुपये होते. पण १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट असल्याने कर शून्य! म्हणजे कापलेले सगळे ५४,०८० रुपये परत मिळू शकतात. फक्त पगाराचेच उत्पन्न असेल, तर ही मर्यादा १२.७५ लाखांपर्यंत जाते. शेअर विक्रीचा नफा किंवा लॉटरी अशा विशेष दराच्या उत्पन्नाला मात्र ही सूट लागू नाही.

परतावा कसा मागायचा?

१. ऑफिसकडून फॉर्म १६ घ्या. त्यातील टीडीएसचा आकडा ई-फायलिंग पोर्टलवरील २६एएसशी जुळवा. रक्कम दिसत नसेल, तर आहरण व संवितरण अधिकाऱ्यांकडे टीडीएस विवरणपत्रात दुरुस्तीची लेखी मागणी करा.

२. रिटर्नमध्ये ‘नवीन करप्रणालीतून बाहेर पडायचे आहे का?’ असा प्रश्न येतो. नवीन प्रणाली हवी असेल, तर ‘नाही’ निवडा. जुनी हवी असेल, तर ‘होय’. ऑफिसने काय निवडले होते, याचे बंधन इथे नसते. व्यवसायाचे उत्पन्नही असेल, तर नियम वेगळे आहेत.

३. बँक खाते पोर्टलवर प्रमाणित करून ठेवा. पॅन आधारशी जोडलेले हवे.

४. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. ते राहिले, तर परतावा अडकतो.

तारीख का महत्त्वाची?

पगारदारांसाठी ३१ जुलै २०२६ ही मुदत आहे. गेल्या वर्षी ती आधी १५ आणि मग १६ सप्टेंबरपर्यंत वाढली होती, पण त्या भरवशावर राहू नका. मुदतीनंतर जुनी प्रणाली निवडता येत नाही. गृहकर्ज, घरभाडे, विमा अशा वजावटींमुळे ज्यांना जुनी प्रणाली फायद्याची आहे आणि ऑफिसने नवीन प्रणालीने कर कापला आहे, त्यांचे इथे कायमचे नुकसान होते.

उलट, नवीन प्रणालीत जायचे असेल, तर ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत उशिराचे रिटर्न भरून परतावा मागता येतो. मात्र व्याज कमी मिळते. वेळेत रिटर्न भरल्यास १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. वरील उदाहरणात ते महिन्याला सुमारे २७० रुपये होते. उशीर झाला, तर व्याज रिटर्न भरल्याच्या तारखेपासूनच मोजले जाते.

डिसेंबरही हुकला तर? ‘अपडेटेड रिटर्न’मधून परतावा मागता येत नाही. मग विलंब माफीचा अर्ज हा एकच मार्ग उरतो. तो कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत करता येतो. मात्र उशिरामागे खरी अडचण होती, हे दाखवावे लागते.

‘हमखास रिफंड’वाल्यांपासून सावध

टक्केवारी घेऊन मोठा परतावा मिळवून देणारे एजंट अनेकदा खोट्या देणग्या किंवा खोटे घरभाडे दाखवतात. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा प्रकरणांत देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली होती. नोटीस एजंटला नाही, रिटर्न भरणाऱ्याला येते. हक्काचा परतावा मिळवायला खोट्या वजावटीची गरज नाही. फॉर्म १६ हातात घेऊन पोर्टलवरील कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही प्रणालींचा कर एकदा तपासा आणि मगच रिटर्न भरा.