किल्ल्या काढून ठेव, मग मोज

"मावशी, किल्ल्या त्या कठड्यावर ठेव. मोबाइलही. आणि केसांतला चिमटा काढ."

भाचीचं फर्मान मी निमूटपणे पाळलं. अंधेरी पश्चिमेच्या गिल्बर्ट हिलच्या पायऱ्या चढून आम्ही गावदेवीच्या देवळापाशी आलो होतो. तिने होकायंत्र आधी मोकळ्यावर, तळहातावर धरलं. सुई थरथरून स्थिरावली. मग ती उघड्या काळ्या खडकाशी वाकली आणि होकायंत्र त्याच्या अगदी जवळून हळूहळू फिरवू लागली. एका जागी सुई बाजूला वळली, वीतभर पुढे गेल्यावर परत आली. "दगडात मॅग्नेटाइट आहे," ती म्हणाली.

ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय भौतिकशास्त्र, ओढ भूभौतिकीची. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात आली म्हणून केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळाली. वर्षाला 80 हजार रुपये; त्यातले 60 हजार विद्यार्थ्याच्या हातात, 20 हजार उन्हाळी प्रकल्पापोटी. घरच्यांना 60 हजारांचं मोल अधिक. मला मात्र त्या 20 हजारांचं अप्रूप वाटतं, कारण त्यांच्यामुळे ही मुलगी पहिल्यांदा पुस्तक मिटून माळावर गेली.

तिथे तिच्या हाती प्रोटॉन मॅग्नेटोमीटर आला. पट्ट्याचं बक्कल, नाणी, मोबाइल सगळं लांब ठेवायचं, खांबावरचा संवेदक उंच धरायचा, दर दहा मीटरवर ठोकलेल्या खुंटीपाशी आकडा टिपायचा. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण 43 हजार नॅनोटेस्ला असतं. त्यातल्या दहा-वीस नॅनोटेस्लांच्या चढउतारावरून जमिनीखालच्या खडकाचा अंदाज बांधायचा. शिवाय हे क्षेत्र दिवसभरात आपलं आपण बदलतं. म्हणून दर तासाला पहिल्या खुंटीकडे परत यायचं, तिथला आकडा पुन्हा घ्यायचा आणि तेवढा फरक बाकीच्या आकड्यांतून वजा करायचा. उन्हात त्या खेपा घालताना पाय भरून यायचे, असं ती सांगते.

हेच काम मुंबईने पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. कुलाब्याची वेधशाळा 1826 सालची. चुंबकीय नोंदी 1841पासूनच्या. 2 सप्टेंबर 1859 रोजी सूर्यावरून उठलेलं वादळ पृथ्वीवर आदळलं, तेव्हा कुलाब्याच्या नोंदीत क्षेत्र 1600 नॅनोटेस्लांनी घसरलेलं दिसतं. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह ते जुने कागद पुन्हा अभ्यासले. 2003 साली त्यांचा लेख आला आणि कुलाब्याच्या त्या नोंदी जगभरातल्या अभ्यासकांच्या चर्चेत आल्या. नोंद करणाऱ्याला वादळाचं कारण ठाऊक नव्हतं. त्याने आकडा लिहून ठेवला, एवढंच.

पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस अस्वस्थ झाले. रुळांतून वाहणारा प्रवाह सुईला खरं बोलू देणार नव्हता. त्यांनी खाडीपलीकडचं अलिबाग निवडलं. चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड वापरून 1904 साली तिथे वेधशाळा उभी राहिली. 1906पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांची सांधेजोड करता येईल. मुंबईत विजेची ट्राम धावली ती 1907च्या मे महिन्यात. वाहतूक अडवून धरली नाही, विज्ञानाचा धागाही तुटू दिला नाही. मूस यांच्या या दूरदृष्टीपुढे मी नतमस्तक आहे.

उपनगरातल्या मुलांना मी त्यांच्या पायाखालच्या खडकांची गोष्टही मुद्दाम सांगते, कारण भूशास्त्र म्हणजे हिमालय अशी त्यांची समजूत असते. दख्खनचा लाव्हा मुख्यतः साडेसहा कोटी वर्षांच्या आगेमागे वाहिला. पण साकीनाका आणि मनोरी इथल्या ट्रॅकाइट खडकांचं वय भूशास्त्रज्ञ हेतु शेठ आणि सहकाऱ्यांनी 2001 साली सहा कोटींच्या थोडं पुढे काढलं. म्हणजे बाकी दख्खन थंडावल्यावरही आपल्या उपनगरांखाली आग धुमसत होती. मुंबईभोवती गुरुत्वाकर्षण अपेक्षेपेक्षा जास्त भरतं. खाली जड खडकाचा मोठा साठा असावा, असा अर्थ ताकिन या संशोधकाने 1966 साली लावला. आणि 1950च्या दशकाच्या अखेरीस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे हे संशोधक दख्खनच्या दगडांतलं चुंबकत्व तपासत होते. लाव्हा थिजताना त्यात त्या वेळच्या क्षेत्राची दिशा गोठते. त्या दिशेवरून कळलं की हे दगड जन्मले तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. भूखंड सरकतात हे तेव्हा पुष्कळ शास्त्रज्ञांच्या गळी उतरत नव्हतं.

गिल्बर्ट हिलचे उभे खांब लाव्हा आकसताना पडलेल्या भेगांतून घडले. उंची सुमारे 60 मीटर. 1952 साली त्याला संरक्षण मिळालं, 2007 साली महापालिकेने वारशाचा दर्जा दिला. खाली इमारती आणि झोपड्या थेट कड्याला भिडल्या आहेत. एखाद्या कॉलेजने आपला पहिला तास इथे घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

फेब्रुवारीत भाचीची जॅम, म्हणजे एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा आहे. पवईच्या आयआयटीत उपयोजित भूभौतिकीचं एम.एस्सी. करायचं तिच्या मनात आहे. अंधेरीहून फार लांब नाही, पण जागा मोजक्या. रात्री स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वही टेकवून ती गणितं सोडवते, कारण बाहेरच्या खोलीत आजीचा टीव्ही चालू असतो.

मी तिची माळावरची वही पाहायला मागितली. पानं पिवळ्या मातीने मळलेली. तिसऱ्या रेषेवर, चौदाव्या खुंटीपाशी एक आकडा शेजाऱ्यांहून एकदम वर उडालेला. खोडलेला नव्हता. त्याच्यासमोर पेन्सिलीने लिहिलं होतं, "11:40, मोटारसायकल गेली." खालच्या ओळीत त्याच खुंटीचा दुसरा आकडा होता, वेळ 11:46.