पाठीत खंजीर आणि दौलताबादचा कैदी

इंग्रजीतला ‘स्टॅब इन द बॅक’ हा वाक्प्रचार गाजला तो पहिल्या महायुद्धानंतर. जर्मन सैन्याच्या पाठीत घरच्यांनीच वार केला, असं जर्मन सेनापती हिंडेनबर्गने १९१९ मध्ये चौकशी समितीपुढे सांगितलं. महाराष्ट्रात ‘पाठीत खंजीर’ म्हटलं की १९७८ आठवतं. वसंतदादा पाटलांचं सरकार पडलं, शरद पवार मुख्यमंत्री झाले आणि हा आरोप त्यांना कायमचा चिकटला.

पण फितुरीची खरी खूण आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ आहे. दौलताबाद किल्ल्यावर चांद मिनारच्या पुढे वर चढलं की पडका चिनी महाल लागतो. भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे काही तुकडे अजून टिकून आहेत.

गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुतुबशाह इथे कैदेत होता. औरंगजेबाच्या तोफांना आणि सुरुंगांना गोवळकोंडा सुमारे आठ महिने दाद देत नव्हता. सप्टेंबर १६८७ मध्ये अब्दुल्ला खान पन्नी हा सुलतानाचाच सरदार फुटला आणि रात्री दरवाजा उघडला गेला.

सुलतानाचा दुसरा सरदार अब्दुर रझ्झाक लारी मात्र जखमांनी चाळण होईपर्यंत लढला. औरंगजेबाने त्याच्यावर उपचार करवले.

सुलतान पुन्हा सुटलाच नाही. दौलताबादला गेलात, तर चिनी महालापाशी जरूर थांबा.