रंगीत जमीन आणि पडणारं मूल : ओतीव रबरी फरशी कशी घालावी, कशी जपावी
(व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय दिसायला छोटा आहे. बागेत, शाळेत, सोसायटीच्या आवारात घसरगुंडीखाली जी लाल-निळी, पायाला मऊ लागणारी जमीन असते, तिच्याबद्दल आपण बोलणार आहोत. ही कामं आम्ही बरीच वर्षं करतो. पण सुरुवात करू आमच्याच एका चुकीपासून.

व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका सोसायटीचं काम आमच्याकडे आलं. तीन कोटेशनं आली होती, आमचं सगळ्यात महाग. कमिटीने विचारलं, "जाडी कमी केली तर चालेल का? दिसायला तर सारखंच दिसेल ना?" दिसायला सारखंच दिसतं, हे खरं होतं. आम्ही हो म्हटलं. कोब्यावर जेमतेम १५ मिलिमीटरचा थर दिला, वर फुलपाखरू काढलं, सगळे खूश. वर्षभराने घसरगुंडीच्या वरच्या फळीवरून एक मुलगा डोक्यावर पडला. टाके पडले, दोन रात्री दवाखान्यात काढाव्या लागल्या. मुलगा बरा झाला. पण त्याच्या आईने आम्हाला विचारलेला प्रश्न अजून आठवतो : "मग हे रबर कशासाठी होतं?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर थोडं गणित करावं लागतं. घाबरू नका, शाळेतलंच आहे.

फळी दीड मीटर उंच आहे असं धरा. तिथून पडलेलं मूल जमिनीला टेकतं तेव्हा त्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर असतो. रस्त्यावर सायकल बऱ्यापैकी जोरात चालवावी, तेवढा. हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं, यावर सगळा खेळ आहे. दीड मीटर पडून ६ मिलिमीटरमध्ये थांबलं, तर १५०० भागिले ६, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी २५० पट झटका. तेच २० मिलिमीटरमध्ये थांबलं तर ७५ पट. झटक्याचं टोक या सरासरीच्या वर जातं, ते वेगळंच. १५ मिलिमीटरचं रबर दाबून दाबून किती दबणार? पाच-सहा मिलिमीटर. त्याखाली कोबा. म्हणजे आम्ही त्या मुलाला थांबायला जागाच दिली नव्हती. रंग दिला होता.

म्हणून या फरशीची मोजणी मऊपणावर होत नाही, पडण्याच्या उंचीवर होते. युरोपात ईएन ११७७ आणि अमेरिकेत एएसटीएम एफ १२९२ ही मानकं वापरतात. चाचणी अशी : साडेचार किलोच्या आसपास वजनाचं, डोक्यासारखं गोलाकार धातूचं उपकरण वेगवेगळ्या उंचीवरून फरशीवर टाकतात. आत झटका मोजणारा संवेदक असतो. दोन मर्यादा आहेत. झटक्याचं टोक गुरुत्वाकर्षणाच्या २०० पटींच्या आत हवं, आणि झटका व त्याचा कालावधी मिळून काढलेला आकडा, ज्याला एचआयसी म्हणतात, तो १००० च्या आत हवा. ज्या उंचीपर्यंत दोन्ही पाळले जातात, ती त्या फरशीची कमाल उंची. खेळणं त्याहून उंच असेल तर फरशी कमी पडली, एवढं साधं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगू. हे सगळं डोक्यासाठी आहे. चांगल्या फरशीवरही हात मोडू शकतो. "आता काही होणार नाही" असं सांगणारा विक्रेता भेटला तर सावध व्हा.

आता रचना. फरशीत दोन थर असतात. खालचा थर जाड, जुन्या टायरच्या काळ्या तुकड्यांचा. झटका तोच झेलतो. वरचा थर १० ते १५ मिलिमीटरचा, ईपीडीएम नावाच्या रबराच्या रंगीत दाण्यांचा. तो ऊन, पाऊस, चपला सोसतो. दोन्हींत दाणे एकमेकांना धरून ठेवायला पॉलियुरेथेनचा बाइंडर घालतात. दीड मीटर उंचीच्या खेळण्याला दोन्ही थर मिळून साधारण ५० ते ६५ मिलिमीटर लागतात, दोन मीटरला त्याहून बरेच जास्त. पण हा अंदाज झाला. दाणा, बाइंडर, दाब बदलला की आकडा बदलतो. म्हणून त्याच मिश्रणाचा, त्याच जाडीचा चाचणी अहवाल मागायचा.

उंची कुठून मोजायची? मूल जिथे उभं राहू शकतं तिथून. झोपाळ्यासाठी वरच्या दांडीपर्यंतची उंची धरावी. आणि फरशी फक्त खेळण्याच्या सावलीपुरती नको. अमेरिकी मार्गदर्शनानुसार खेळण्याभोवती १.८ मीटर मोकळी, झेलणारी जागा हवी. झोपाळ्याच्या पुढे आणि मागे तर दांडीच्या उंचीच्या दुप्पट, कारण झोक्यातून उडालेलं मूल सरळ खाली पडत नाही.

घालण्याचं काम खालून सुरू होतं. पाया काँक्रीटचा असेल तर तो २८ दिवस मुरू द्या आणि दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर उतार ठेवा. पाणी फरशीतून झिरपतं, पण खाली जाऊन साचलं तर काय उपयोग? खडीचा पाया असेल तर थरावर थर दाबून घ्या. पोकळ राहिलेली जागा पहिल्या पावसाळ्यात खचते. मग प्रायमर, मग काळा थर, तो घट्ट झाल्यावर रंगीत थर. वरच्या थरात बाइंडर दाण्यांच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका लागतो. चोरी होते ती इथेच. बाइंडर महाग, आणि कमी घातला तर पहिले काही महिने कुणाला कळत नाही. म्हणून सोसायटीच्या माणसाने मिश्रणाच्या वेळी वजनकाट्याशी उभं राहावं. आमच्याही.

हा बाइंडर हवेतल्या दमटपणावर घट्ट होतो. ओलावा लागला की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. हळू सुटला तर ठीक. पण ओल्या थरावर पाऊस पडला तर फेस येतो, फुगे धरतात, आणि ते काम उखडण्याशिवाय इलाज नसतो. म्हणून आपल्याकडे हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करावं. मे महिन्यात "उद्घाटन आहे, उरकून टाका" म्हणणाऱ्यांना आम्ही आता नाही म्हणतो. रंगीत थर झाल्यावर तीन दिवस तरी मुलांना आत सोडू नका.

आणि काम करणाऱ्यांबद्दल. या बाइंडरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांनी दम्यासारखा त्रास जडू शकतो, आणि एकदा जडला की थोड्याशा वासानेही उफाळतो. थापी मारणारा माणूस दिवसभर त्यावर वाकलेला असतो. हातमोजे, योग्य मास्क, मोकळी हवा हे करारात लिहून घ्या. मुलांच्या सुरक्षेसाठी दुसऱ्या कुणाचं फुप्फुस खर्ची पडू नये.

आता देखभाल. "देखभालीची गरज नाही" असं माहितीपत्रकात असतं. ते विसरा. फरशीच्या छिद्रांत धूळ आणि माती बसते, मग पाणी झिरपत नाही, शेवाळ धरतं, घसरायला होतं. आठवड्याला झाडणं, महिन्याला पाणी आणि सौम्य साबण, पावसाळ्यात शेवाळ दिसताच ब्रशने घासणं. जोराच्या फवाऱ्याने दाणे उपटतात, तेव्हा नोझल जवळ नेऊ नका. वाळू, फटाके, सिगारेटची थोटकं, टोकदार स्टँडच्या गाड्या लांब ठेवा.

झिजतं कुठे? झोपाळ्याखाली, जिथे पाय घासतात, आणि घसरगुंडीच्या तोंडाशी. महिन्यातून एकदा तिथे तळहात फिरवा. दाणे हाताला लागून सुटत असतील तर बाइंडर संपत चाललाय. वेळेवर बाइंडरचा पातळ हात दिला तर फरशीचं आयुष्य वाढतं. तो सहसा दोन-तीन वर्षांनी लागतो. काळा थर दिसू लागला तर तेवढा भाग कापून नव्याने भरावा लागतो. कडा पण बघा. रबर आकसतं, फट पडते, तीत मुलाचा पाय अडकतो.

एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे : "आमची जिल्हा परिषदेची शाळा. एवढे पैसे नाहीत. काय करावं?" प्रश्न फार चांगला आहे. रबरच हवं असं नाही. फूटभर खोल, गोल दाण्यांची, स्वच्छ वाळू कमी उंचीच्या खेळण्यांना चांगली झेलते. पण रोज सकाळी दाताळ्याने सारखी करावी लागते. झोपाळ्याखाली खड्डा पडून तळ उघडा झाला की तिचा उपयोग संपला. काचा आणि मांजरांची घाण रोज बघावी लागते. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खेळणंच बुटकं घ्या. उंची निम्मी केली की झेलायची ऊर्जाही निम्मी होते.

शेवटी उन्हाचं. गडद रंगाची फरशी एप्रिलच्या दुपारी अनवाणी तळव्याला भाजते. लहान मूल पटकन पाय उचलत नाही, रडत उभं राहतं. फिके रंग घ्या, सावलीसाठी झाड किंवा जाळी ठेवा, आणि आत सोडण्याआधी आपला तळहात जमिनीवर टेकवून बघा.

त्या पहिल्या सोसायटीची फरशी आम्ही पुढे उखडली आणि खेळण्याच्या उंचीच्या हिशेबाने पुन्हा घातली, आमच्या खर्चाने. फुलपाखरू तसंच काढलं. दिसायला आधीसारखंच दिसतं. म्हणूनच तुम्हाला सांगतो, कोटेशन वाचताना रंगाचं पान उलटा आणि तीन आकडे शोधा : खेळण्याची उंची, थराची जाडी, आणि चाचणी किती उंचीची आहे. तिन्ही जुळत नसतील तर सही करू नका.