राजवाडा, कचेरी आणि मैदान : सातारा व सांगलीचा धडा

शहराच्या मध्यभागी एखादी वास्तू असावी, तीत कचेऱ्या भराव्यात, सभासमारंभांसाठी दालन असावे आणि सर्वांना मोकळेपणाने बसता-फिरता येईल असे पटांगणही असावे, अशी रचना आज मोठ्या शहरांत मुद्दाम केली जाते. तिला 'मिश्र वापराची इमारत' म्हणतात. सातारा व सांगली येथील रहिवाशांना ही कल्पना नवी वाटू नये, कारण त्यांच्या राजवाड्यांनी ती फार पूर्वीच अनुभवली आहे.

साताऱ्यात जुना व नवा असे दोन राजवाडे लगतच उभे आहेत. नवा वाडा १८४४ च्या सुमारास पूर्ण झाला. १८४८ मध्ये शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज निवर्तले आणि लॉर्ड डलहौसीने राज्य खालसा केले. राजनिवास म्हणून या वास्तूला मिळालेला काळ असा अल्पच ठरला. पुढे नव्या वाड्यात अनेक वर्षे न्यायालये भरली, तर जुन्या वाड्यात शाळा नांदली. याच शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. समोरचे गांधी मैदान सभांसाठी प्रसिद्ध आहे.

सांगलीत कृष्णाकाठी पटवर्धनांचा गणेशदुर्ग आहे. संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' हे नाटक येथील दरबारात सादर केले. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्याचेच स्मरण होय. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. जिल्ह्याचा कारभार दीर्घकाळ राजवाड्याच्या परिसरातूनच चालला.

अशा वास्तूचे सामर्थ्य कशात असते? सकाळी विद्यार्थी, दुपारी पक्षकार व अर्जदार आणि सायंकाळी सभेचे श्रोते अथवा फिरावयास आलेली कुटुंबे यांमुळे परिसर दिवसभर जागता राहतो. या वर्दळीवर आसपासचे उपाहारगृहवाले, अर्ज लिहून देणारे आणि लहान दुकानदार यांचा चरितार्थ चालतो. शिवाय जी इमारत रोज वापरात असते, तिचे गळके छप्पर कोणाच्या तरी लक्षात येते. या व्यवस्थेस उणी बाजूही आहे. कचेऱ्यांसाठी जुन्या दालनांत आडभिंती घातल्या जातात, दप्तरांचे ढीग साचतात आणि वाहनांच्या गर्दीने पटांगण आक्रसते.

कालांतराने साताऱ्यातील न्यायालये वाड्यातून हलली. सांगलीचे जिल्हाधिकारी कार्यालयही विजयनगर येथील नव्या इमारतीत गेले. वाढत्या कामकाजास प्रशस्त जागा हवी, हे निर्विवाद आहे. परंतु कचेरी गेली की पहारेकरी, झाडलोट आणि दुरुस्तीची निकडही तिच्याबरोबर जाते. लाकूडकामाच्या जुन्या वाड्यास ओल व वाळवी यांपासून खरा धोका असतो तो अशा रिकामपणातच.

म्हणूनच केवळ रंगरंगोटीने वारसा टिकत नाही. संग्रहालय, वाचनालय, लहान सभागृह, एखादे नागरी सुविधा केंद्र आणि खुले पटांगण अशा अनेक कारणांनी लोकांची पावले तेथे रोज वळली पाहिजेत. आपल्या गावातील जुन्या वास्तूविषयी विचार करताना तिचे रूप कसे राखावे, एवढेच विचारून आपण थांबू नये. तेथे उद्या सकाळी कोण व कशासाठी येणार, हा प्रश्नही विचारावा. त्याचे उत्तर ज्या वास्तूपाशी असेल, तीच टिकेल.