परतीच्या पाहुण्यांची ओळख

होळी झाली, माळावरचे पळस-पांगारे फुलले, की पक्षी पाहण्याचे दिवस संपले असे पुष्कळांना वाटते. पण नवशिक्यांनी फाल्गुन-चैत्रात एकदा तरी बाहेर पडावेच. थंडीत आलेले पाहुणे आता परतू लागतात आणि निघण्यापूर्वी त्यांतले काही जणू नवे कपडे घालतात. हिवाळ्यात मळकट दिसणारा पिवळा धोबी हळदीसारखा पिवळा होतो. भोरड्यांचा गुलाबी रंग उजळतो, डोके काळेभोर होते. त्यामुळे ओळख सोपी जाते.

सातारा-सांगलीकरांना त्यासाठी लांब जायला नको. खटाव तालुक्यात मायणीचा तलाव आणि येरळा नदीवरचे येरळवाडीचे धरण आहे. मायणी परिसराला २०२१ साली पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठ आणि सागरेश्वरचा डोंगर आहेच.

सूर्योदयाला पाण्यावर पोहोचावे आणि ऊन पाठीशी राहील असे उभे राहावे. कपडे मातकट किंवा हिरवट असावेत. दुर्बिणीवर ८ × ४० असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ आठपट मोठे दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर आहे. सुरुवातीला एवढी पुरते. नावासाठी घाई करू नये. पक्षी चिमणीएवढा, मैनेएवढा की कावळ्याएवढा, चोच कशी, शेपूट हलवतो का, चालतो की टुणटुण उड्या मारतो, हे वहीत तिथेच लिहावे. पुस्तक नंतर उघडावे.

आता एक महत्त्वाची गोष्ट. या दिवसांत पक्षी नुसता चरत नाही, तो शिधा बांधत असतो. लांबच्या उड्डाणाचे इंधन म्हणजे अंगावरची चरबी. काही लहान पक्ष्यांचे वजन प्रवासापूर्वी दीडपटीहून अधिक होते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेल्या पट्टकादंब हंसाला तर तिबेट-मंगोलियाकडे जाताना हिमालय ओलांडावा लागतो. यंत्रे बसवून माग काढला तेव्हा काही हंस ७००० मीटरहून उंच उडाल्याचे आढळले. छायाचित्रासाठी आपण जवळ गेलो आणि थवा उठला, की हाच शिधा खर्ची पडतो. म्हणून पक्ष्यांनी चरणे थांबवून माना वर केल्या, की आपण जागीच थांबावे, चार पावले मागे यावे.

भोरडीवर आपल्या शेतकऱ्याचा राग असतो आणि तो खोटा नाही. ज्वारीवर थवा उतरला की गोफण फिरवावीच लागते. पण ज्वारी निघाल्यावर हीच भोरडी पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर दिसते. पुढे मध्य आशियात विणीच्या हंगामात ती टोळ आणि नाकतोडे फस्त करते. तिकडचा शेतकरी तिची वाट पाहतो. एकाच पक्ष्याची ही दोन्ही रूपे मुलांना जरूर सांगावीत.

येत्या रविवारी वही-पेन्सिल घेऊन निघा. पाच पक्षी नीट ओळखता आले, तरी पहिली फेरी कारणी लागली असे समजा.