यादीतील घटक एकेक करून दाखवणे : ‘मागील’ आणि ‘पुढील’ दुवे

समजा, भिलाई पोलाद कारखान्यात खनिजापासून रेल्वेचा रूळ कसा तयार होतो, हे सांगणारे संकेतस्थळ आपल्याला बनवायचे आहे. त्यात पाच टप्पे घेऊ : कोक ओव्हन, सिंटर प्लांट, ब्लास्ट फर्नेस, स्टील मेल्टिंग शॉप आणि रेल मिल. एका पानावर एकच टप्पा दिसावा आणि खाली ‘मागील’ व ‘पुढील’ असे दुवे असावेत.

सर्वात सोपी रीत अशी : टप्पे एका लिस्टमध्ये ठेवायचे, पानाच्या पत्त्यात क्रमांक द्यायचा आणि दुव्यांसाठी त्यातून एक वजा किंवा त्यात एक अधिक करायचे. लिस्टची मोजणी ० पासून होत असल्याने कोक ओव्हनचा क्रमांक ० आणि रेल मिलचा ४.

दोन्ही टोके तपासावी लागतात. पायथनमध्ये ५ क्रमांकाचा घटक मागितला तर प्रोग्राम चूक दाखवून थांबतो. ते एका परीने बरेच, कारण चूक लगेच कळते. दुसऱ्या टोकाला मात्र फसगत होते. ० मधून १ वजा केल्यावर -१ येतो आणि पायथनमध्ये -१ म्हणजे शेवटचा घटक. परिणामी कोक ओव्हनच्या पानावर ‘मागील’ दाबले की थेट रेल मिल उघडते, तेही कोणतीही तक्रार न होता. म्हणून पहिल्या पानावर ‘मागील’ आणि शेवटच्या पानावर ‘पुढील’ हा दुवा दाखवूच नये. पत्त्यातला क्रमांक वाचक हातानेही बदलू शकतो, तेव्हा तो मर्यादेत आहे का हे सर्व्हरवरही तपासावे.

खरी अडचण पुढे येते. स्टील मेल्टिंग शॉपनंतर ‘कंटिन्युअस कास्टिंग’ हा टप्पा राहून गेल्याचे लक्षात आले आणि आपण तो मध्ये घातला. आता क्रमांक ४ म्हणजे कास्टिंग, रेल मिल ५ वर सरकली. कोणी रेल मिलचा दुवा वर्गमित्राला पाठवला असेल, तर त्याच्यासमोर भलतेच पान येईल.

यावर उपाय म्हणजे पत्त्यात घटकाची जागा न देता त्याची ओळख द्यावी, उदाहरणार्थ ‘रेल-मिल’. पान उघडताना त्या ओळखीची लिस्टमधली आजची जागा शोधावी आणि शेजारी तेव्हाच ठरवावेत. टप्पे डेटाबेसमध्ये असतील तर क्रमासाठी १०, २०, ३० असे अंतर ठेवून आकडे द्यावेत. मध्ये नवा घटक घालणे सोपे जाते. मग ‘पुढील’ म्हणजे सध्याच्या क्रमापेक्षा मोठ्या क्रमांतला सर्वात लहान. त्यासाठी दोन घटकांना एकच क्रम मिळता कामा नये, नाहीतर त्यातला एक कधीच दिसणार नाही.

आपला ‘मागील’ आणि ब्राउझरचे बॅक बटण एकच आहेत, असा समज विद्यार्थ्यांमध्ये नेहमी आढळतो. शोधयंत्रातून थेट रेल मिलवर आलेल्या वाचकाला बॅक बटण शोधयंत्राकडे परत नेईल. आपला दुवा कास्टिंगकडे नेईल. त्यामुळे दुव्यावर नुसते ‘मागे’ न लिहिता ‘मागील टप्पा : कंटिन्युअस कास्टिंग’ असे लिहावे.