मोठ्या अक्षरांचे पुस्तक

आमच्या शिरूरच्या विहारात एक लोखंडी कपाट आहे. त्यालाच आम्ही ग्रंथालय म्हणतो. त्यात भर पडावी म्हणून शिरूर आणि दौंडच्या दोन वस्त्यांनी वर्गणी काढली. ४,६५० रुपये जमले. भाजी विकणाऱ्या एका आजींनी ५० रुपये दिले आणि सांगितले, "बाबासाहेबांचं चरित्र आण, पण मोठ्या अक्षराचं. साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकले, पण बारीक अक्षर आता दिसत नाही."

जात कारकुनाची, यादीच्या तीन प्रती करून रविवारी पहाटेच्या एस.टी.ने निघालो. वाघोलीच्या कोंडीत तास गेला. दौंडहून मेहुणे दोन्ही मुलांना घेऊन रेल्वेने आले, तेही रात्रपाळी करून. पुणे स्टेशनवर भाकरी खाल्ली आणि एका भल्यामोठ्या पुस्तक प्रदर्शनात शिरलो.

मंडप डोळे दिपवणारा होता. पुस्तकांपेक्षा कमानीपाशी फोटो काढणाऱ्यांची गर्दी जास्त. आत श्रीमंत कसे व्हावे, पोट कसे कमी करावे, याची पुस्तके रचलेली. पोट कमी करण्याचे पाहून मेहुण्यांना हसू आवरेना. यादीतले काही मागितले की उत्तर एकच, "संपलं" किंवा "मागवावं लागेल". बाबासाहेबांच्या खंडांतले सुटे दोन-तीन होते, पूर्ण संच नव्हता. भाच्याने विज्ञानाचे एक चित्रमय पुस्तक उचलले, मागची किंमत वाचली आणि कुणी न सांगता परत ठेवले. ते पाहून जीव तुटला.

शासनाने या खंडांतला पहिला १९७९ साली काढला. संपादक वसंत मून. पुढे छपाई इतकी रखडली की डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वर्तमानपत्रातील बातमीवरून स्वतःहून दखल घेतली. मागणी नाही, असे तर म्हणताच येत नाही. १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या होत्या.

आजींच्या पुस्तकासाठी मात्र गाळ्यागाळ्यातून फिरलो. शेवटी एकाने मुलांचे १६ पानी चित्रांचे पुस्तक पुढे केले. अक्षर मोठे होते, पण जन्मापासून महापरिनिर्वाणापर्यंत सगळे १६ पानांत! उशिरा वाचायला शिकलेल्या माणसाला मोठ्या माणसाचाच मजकूर मोठ्या अक्षरात हवा असतो, हे कुणाच्या गावीच नाही. थोडी चूक आमचीही झाली. शेवटच्या दिवशी गेलो, आधी फोन करून विचारले नाही.

चार पुस्तके घेतली. निम्म्याहून जास्त वर्गणी तशीच खिशात राहिली. परतताना एस.टी. पेरणे फाट्यावरून गेली. १ जानेवारीला इथे जयस्तंभापाशी पुस्तकांची दुकाने लागतात. ताडपत्रीवर मांडलेली असली तरी विक्रेता विचारतो, "कुणासाठी हवंय, ताई?" दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवरही हाच अनुभव येतो. तिथेही अक्षर बारीकच, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी आजींना ५० रुपये परत द्यायला गेलो. त्यांनी घेतले नाहीत. मेथीच्या जुड्या बांधता बांधता म्हणाल्या, "एक तारखेला जाशीलच की कोरेगावला. तिथं बघ."